पाहुण्याच्या गाडीचं पाणी

आमची गाडी जुनी होती. माझ्याकडे येण्याआधी तिचे दोन मालक होऊन गेले होते, आणि दोघांनीही तिला जपून वापरलं होतं असं मला सांगण्यात आलं होतं. आम्ही राहायचो त्या पनवेलला तेव्हा लोकल आलेली नव्हती. मुंबईला जायचं तर एसटी, नाही तर ओळखीतल्या कुणाची तरी गाडी. मी गाडी घेतली ती हौसेनं नव्हे. पनवेलजवळचं गव्हाण ही माझी सासुरवाडी, आणि सासऱ्यांना डोळे दाखवायला वारंवार मुंबईच्या इस्पितळात न्यावं लागत होतं. त्यांचा डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता. उजव्या डोळ्यातला दाब वाढत चालला होता. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं की या आजारात गेलेली नजर परत येत नाही. औषधानं, आणि वेळ आलीच तर ऑपरेशननं, उरलेली टिकवायची, एवढंच आपल्या हातात असतं.

मला ते डॉक्टर आवडत, कारण ते आकड्यांत बोलत. दाब किती, मागच्या खेपेला किती होता, किती असायला हवा. माझी सगळी नोकरी हिशेबाच्या खात्यात गेली. आकडा समोर असला की माणसाला निदान आपण कुठे उभे आहोत ते कळतं, असं मला वाटतं.

गाडीत मात्र आकडे नव्हते. इंजिनाची उष्णता दाखवणारा एक काटा होता, पण त्याच्यामागे नुसती पांढरी पट्टी आणि शेवटी थोडा लाल रंग. काटा मधोमध असला तर गाडी ठीक आहे की जेमतेम ठीक आहे, हे कळायला मार्ग नव्हता. मी गाडी चालवताना रस्त्यापेक्षा त्या काट्याकडे जास्त बघतो, असं बायको म्हणायची, आणि ते खरं होतं.

गाडी पहिल्यांदा तापली ती गव्हाणच्याच वाटेवर, उन्हाळ्यात. सासऱ्यांच्या दारात पोचेपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली होती. सासरे ओट्यावरून उठून आले. उजव्या डोळ्यानं त्यांना तेव्हा बऱ्यापैकी दिसत होतं. मी बॉनेट उघडलं, इंजिन निवेपर्यंत थांबलो, मग रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं धरून ते हळूहळू फिरवलं आणि डिकीतल्या कॅनमधलं पाणी काठोकाठ ओतलं. ते सगळा वेळ माझ्या हाताकडे बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे बैलासारखंच हाय की. धाप लागली का आदी सावली, मंग पानी."

मी हो म्हटलं. उपमा बरोबरच होती.

सासऱ्यांचं सगळं आयुष्य मिठागरावर गेलेलं. आगरातलं पाणी एका कोंडीतून, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यातून, दुसऱ्या कोंडीत कधी सोडायचं, मीठ कधी धरेल, हे ते बोट बुडवून जिभेला लावून सांगत. मी घरात जावई म्हणून आलो तेव्हा आगरं बरीचशी बंद झाली होती, जमिनी गेल्या होत्या, पण जिभेची सवय गेली नव्हती. चहा असो, आमटी असो, आधी बोट. त्यांची सूनबाई, माझ्या मेव्हण्याची बायको, रागवायची. ते म्हणायचे, चव बघितल्याबिगर माणसानं कशाला हात घालू नये.

त्यांच्या घरी पाणी दोन प्रकारचं होतं. परसातल्या विहिरीचं मचूळ, म्हणजे खारटच. ते अंघोळीला, धुण्याभांड्याला आणि जनावरांना. गोडं पाणी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या नळावरून यायचं. तो नळ थोडा वेळच चाले, आणि बायका हंडे लावून रांगेत उभ्या राहत. गोड्या पाण्याचा हंडा पिण्याखेरीज कशाला वापरायचा नाही, हा त्या घरातला कायदा. पाहुणा हात धुवायला चुकून त्या हंड्याकडे वळला तरी सूनबाई हसत हसत तांब्या काढून घेई. मीसुद्धा एकदा त्यातून गेलो होतो.

गाडी तापू लागल्यावर मी ती पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला तिशीतला, बोलका, हाताला ग्रीस आणि तोंडात सुपारी. मी त्याला म्हटलं की सगळं एकदम बदलायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलू, मग गाडी चालवून बघू, म्हणजे दोष नेमका कुठे आहे ते कळेल. तो म्हणाला, "साहेब, गाडी आहे, शाळेतली परीक्षा नाही." पण ऐकलं त्यानं.

आधी झाकणाचं रबर बदललं. फरक नाही. मग रबरी नळ्या, त्या फुगल्याच होत्या. फरक नाही. पंख्याचा पट्टा सैल होता, तो ताणला, पुढे बदलला. मग त्यानं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट उघडून देणारी झडप, काढून टाकला आणि परत बसवलाच नाही. आपल्याकडच्या हवेत याचं काही काम नसतं, सगळ्या गाड्यांचे आम्ही काढूनच टाकतो, असं तो म्हणाला. मला ते पटलं नाही, पण उकळत्या पाण्यात धरून दाखवल्यावर तो उघडत नव्हता हेही खरं होतं. काही दिवस काटा खाली राहिला. मग पुन्हा चढला. पाण्याचा पंप झाला. एवढं करूनही घाटात नाही, चढावर नाही, साध्या सपाट रस्त्यावर गर्दीत उभी राहिली की ती तापायची.

शेवटी रेडिएटर उतरवून उघडला. आतल्या बारीक नळ्या पांढऱ्या, टणक थरानं बुजत आल्या होत्या. गॅरेजवाल्यानं स्क्रूड्रायव्हरनं थोडा थर खरवडून माझ्यापुढे धरला आणि पाणी कुठलं घालता ते विचारलं. मी त्याला सांगितलं की घरच्या नळाचं, उकळून, गार करून, फडक्यातून गाळून. ते मी खरंच करत होतो. पाण्यातल्या क्षारांविषयी कुठेतरी वाचलं होतं, आणि एकदा ठरवल्यावर मी सहसा चुकवत नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मग सोबत बिस्किटं पण देता का हिला?"

रेडिएटर साफ झाला. गाडी छान चालली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि काटा पुन्हा उजवीकडे सरकू लागला. मी म्हटलं, साफ नीट झालाच नव्हता. तो म्हणाला, कुठल्याही देवळात चला, शपथ घेतो.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. मुंबईला जाऊन आलं की रेडिएटरमधलं पाणी हटकून उतरलेलं असे, साधारण लिटरभर. गव्हाणला जाऊन आलं की थेंबभरही उतरत नसे. उलट कधी कधी निघताना होतं त्यापेक्षा परतल्यावर जास्तच वाटे. पाणी वाढू शकत नाही, तेव्हा तो माझ्या नजरेचा दोष, असं मी धरलं. आणि बाकीच्याचा अर्थ असा लावला की गव्हाणच्या रस्त्याला गर्दी नाही, गाडीला वारा लागतो, म्हणून ती तापत नाही. तर्क चुकीचा नव्हता. हे मी गॅरेजवाल्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग साहेब, हिला सासरीच ठेवा. मानवतंय तिला तिकडं."

दरम्यान सासऱ्यांच्या डोळ्यातला दाब औषधाला जुमानेना. तपासताना त्यांना समोरच्या फळीवरच्या खुणा कुठल्या बाजूला उघड्या आहेत ते बोटांनी दाखवावं लागे. वरच्या मोठ्या खुणा ते झटकन दाखवत, मग हात हळू होत जाई, आणि मग ते हात मांडीवर ठेवून देत. दर खेपेला हात एक ओळ आधी थांबत होता. डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर त्या इस्पितळात आठवड्यातून एकदाच येत, सकाळी. तारीख मिळाली. त्यानंतर ते काही आठवडे परदेशी जाणार होते, म्हणून ही तारीख चुकवू नका, असं तिथल्या नोंदणीच्या बाईंनी दोनदा बजावलं.

आदल्या दिवशी आम्ही दोघं सासऱ्यांना आणायला गव्हाणला गेलो. दुपारी जेवलो. जेवणानंतर मला डुलकी लागते, आणि सासुरवाडीला ती कुणी मोडत नाही. उठलो, चहा घेतला, तिघं पनवेलला आलो. आदल्या आठवड्यात गॅरेजवाल्यानं सगळं पुन्हा तपासून दिलं होतं. रात्री मी रेडिएटरचं झाकण उघडून बघितलं. पाणी काठोकाठ होतं. मला बरं वाटलं.

सकाळी लवकर निघालो. हातात भरपूर वेळ ठेवला होता. कळंबोली गेलं, बेलापूर गेलं, काटा मधे होता. उरण फाट्याच्या पुढे गाड्या थांबलेल्या दिसल्या. खाडीपुलावर काहीतरी झालं होतं. ट्रक, टँकर, एसट्या, सगळे एकमेकांना चिकटून उभे. आम्ही त्यात शिरलो आणि उभे राहिलो.

काटा चढायला लागला. मी इंजिन बंद केलं, पुढची गाडी हलली की चालू करायचो, परत बंद. खिडक्या उघड्या होत्या तरी मी हीटर पूर्ण सोडला, त्यानं थोडी उष्णता आत खेचली जाते म्हणून. सासरे पुढच्या सीटवर बसले होते, त्यांच्या धोतरावर तो गरम वारा येत होता. त्यांनी धोतर गुडघ्यांवर आवरून घेतलं. बायको मागून सारखी विचारत होती की पोचू ना. मी काट्याकडे बघत होतो. काटा लाल पट्टीत गेला, तिथे टेकला, आणि मग बॉनेटखालून फस्स असा आवाज आला. वरची नळी सुटली होती. उकळतं पाणी बॉनेटच्या फटींतून काचेवर, रस्त्यावर, सगळीकडे उडालं.

गाडी ढकलत कडेला घेतली. एका ट्रकच्या क्लीनरनं हात लावला. मी बॉनेट उघडून उभा राहिलो. नळी परत बसवता आली असती, पण आत पाणी उरलं नव्हतं, आणि डिकीतला माझा कॅन रेडिएटरला पुरणारा नव्हता. थोडं पुढे गेलं की सगळी खाडीच पसरलेली. त्यातला थेंबही उपयोगाचा नव्हता.

सासऱ्यांना आतच बसा म्हटलं होतं, पण ते दाराला धरून उतरले आणि गाडीच्या पुढच्या बाजूला आले. बॉनेटवर उडालेलं पाणी उन्हानं आणि खालच्या आचेनं वाळत चाललं होतं. जिथे वाळलं तिथे पांढरे ओघळ उमटले होते. त्यांना ते दिसले असतील असं वाटत नाही. पत्र्यावर हात फिरवताना बोटांना ते खरखरीत लागलं असावं. त्यांनी बोट ओलसर जागेवर टेकवलं आणि जिभेला लावलं.

मग परत एकदा लावलं.

"हे आमच्या इहिरीचं पानी हाय," ते म्हणाले.

बायको म्हणाली, "बाबा, काहीतरी काय बोलता. हे घरनं गाळून पाणी घालतात."

"दर येळी मीच पाजतो ना हिला."

त्यांनी ते जसं सांगितलं तसंच मला आठवतं, आवाज न चढवता. त्या पहिल्या दिवसापासून मी गव्हाणला गेलो की जेवणानंतर, मी डोळा लावल्यावर, ते बाहेर यायचे. बॉनेटला हात लावून गाडी निवली का बघायचे. मी केलं होतं तसंच ओलं फडकं झाकणावर धरायचे, आणि तांब्यानं काठोकाठ पाणी ओतायचे. पाहुणा गाडी जुंपून आला की त्याच्या बैलांना पाणी यजमानानं पाजायचं, पाहुण्याला त्याची काळजी करायला लावायची नाही, आणि पाजलं म्हणून सांगायचंही नाही, अशी त्यांच्याकडची रीत. सांगितलं तर ते उपकार दाखवल्यासारखं होतं. आणि जनावराला विहिरीचंच पाणी द्यायचं, गोडं नाही, यात त्यांच्या लेखी विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

मी म्हटलं की मामा, तसं काही नाही, रेडिएटर मुळातच जुना आहे, दोन मालकांच्या हातून आलेला, पंप आधीच गेला होता. मी एकेक सुटा भाग सांगत गेलो. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. त्यांनी बोटं धोतराला पुसली आणि विचारलं, "किती वाजलं?"

मी सांगितलं. 

सरकणाऱ्या एसट्या भरलेल्या होत्या आणि कुणाला आत घेत नव्हत्या. टॅक्सी दिसत नव्हती. बऱ्याच वेळानं भाजीचा रिकामा टेम्पो थांबला. पुढे दोघांनाच जागा होती. बायको आणि सासरे त्यात चढले. सासऱ्यांना पायरी दिसेना. बायकोनं त्यांचा पाय हातानं उचलून पायरीवर ठेवला. टेम्पो गाड्यांच्या मधून वाट काढत गेला आणि थोड्याच अंतरावर तोही थांबला. मला त्याची पाठ बराच वेळ दिसत होती. तो हलत नव्हता.

त्या दिवशी मी गाडीपाशी थांबलो, कारण ती रस्त्यात टाकून जाता येत नव्हती. पण गाडीपाशी थांबून करण्यासारखंही काही नव्हतं. मी बॉनेटवरचे पांढरे ओघळ माझ्या रुमालानं पुसले. मीही चव घेऊन बघितली. खारट होती, नुसती खारट. त्यावरून ही कुठली विहीर ते मला कधीच सांगता आलं नसतं.

पनवेलकडे जाणाऱ्या एका ट्रकवाल्याबरोबर मी निरोप पाठवला होता, तो पोचून दुपारनंतर गॅरेजवाल्याचा माणूस टो करायला आला. संध्याकाळी बायको आणि सासरे एसटीनं परतले. डॉक्टर त्यांचं काम आटपून कधीच गेले होते. बायकोनं तिथल्या बाईंना विनवलं, त्यांनी नवी तारीख दिली, डॉक्टर परदेशाहून आल्यानंतरची.

त्या तारखेला आम्ही भाड्याच्या जीपनं गेलो. जाताना काही झालं नाही. ऑपरेशन झालं. डोळ्यातला दाब उतरला, हे डॉक्टरांनी आकड्यानिशी सांगितलं. नजर मात्र उजेड, सावली आणि माणसाच्या आकारापुरतीच उरली होती. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं की आधीच्या तारखेला झालं असतं तर किती राहिली असती. ते म्हणाले की असं सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं, अंदाजे. ते म्हणाले, "अंदाजेसुद्धा नाही हो. कदाचित हेच झालं असतं, कदाचित नसतं." त्यांच्याकडे पहिल्यांदाच आकडा नव्हता.

मी ते दोन्ही अर्थांनी धरून बघितलं. सासऱ्यांना सांगताना पहिलाच अर्धा भाग सांगितला. ते म्हणाले, "हां."

गाडीला नवा रेडिएटर बसवला. त्यानंतर ती कधी तापली नाही. कुठल्याही गर्दीत, कुठल्याही उन्हात काटा मधोमध उभा असायचा.

गव्हाणला आम्ही पूर्वीसारखेच जात होतो. सासरे ओट्यावर असायचे. गाडीचा आवाज ऐकून उठायचे, हाक मारायचे, पण गाडीजवळ यायचे नाहीत. जेवणानंतर मला आता झोप लागत नसे. पडून मी ऐकत राहायचो. बाहेर कुणी उठत नसे.

असंच एकदा पडलो होतो आणि ओट्यावर काठी वाजली. मी बाहेर आलो. ते गाडीपाशी उभे होते, हात बॉनेटवर. तांब्या नव्हता. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी हात काढून घेतला.

"तापत नाय ना आता?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा."

"बरं हाय."

ते वळायला लागले. मला काय वाटलं कोण जाणे. मी म्हटलं, "थोडं पाणी कमी असेल. तुम्ही घालता का? कॅन आहे डिकीत." बॉनेट उघडून दिलं. कॅन त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी बोट ओलं करून जिभेला लावलं, मग चाचपत झाकण शोधलं, खांद्यावरचं फडकं त्यावर धरलं आणि हळूहळू फिरवलं. मी हात पुढे केला होता, पण लागला नाही. त्यांनी कॅन तिरका केला. पाणी आत गेलंच नाही, लगेच काठावरून वाहून खाली मातीत पडलं.

त्यांनी कॅन सरळ केला. मातीत पाणी जिरण्याचा आवाज ते ऐकत होते.

"भरलेलीच व्हती की," ते म्हणाले.

 त्यांनी झाकण परत नीट बसवलं, दोनदा दाबून बघितलं, आणि कॅन माझ्याकडे दिला.

"ठेवा," ते म्हणाले. "गोडं हाय. वाटंत प्यायला होईल."